वेताळाला पोस्टात टाकताना

जुनी कॉमिक्स जमवणारे लोक वाळवीला, कसरीला आणि दिवाळीची आवराआवर काढणाऱ्या नातेवाइकांना घाबरतात. मी सुतळीला घाबरतो.

मी मराठीतली इंद्रजाल कॉमिक्स जमवतो. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट, कोलमन कंपनीनं मार्च 1964 मध्ये ही मालिका सुरू केली आणि 1990 मध्ये ती थांबली. ली फॉकचा वेताळ, त्याचाच मँड्रेक, आणि 1976 पासून आबिद सुरतींचा आपल्या मातीतला बहादूर. अंक वाचायचा, शेजाऱ्यांना द्यायचा आणि शेवटी रद्दीत घालायचा, अशीच तेव्हाची रीत होती. त्यामुळे आज बऱ्या अवस्थेतला मराठी अंक सापडतो तो कुठल्या तरी दूरच्या गावात, कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत. तिथून तो पोस्टानं किंवा कुरिअरनंच यायचा. चाळीस-पन्नास वर्षं ट्रंकेत धडधाकट राहिलेला अंक शेवटच्या चार दिवसांच्या प्रवासात मोडतो, ही या छंदातली खरी रड. पैसे परत मिळू शकतात. तोच अंक पुन्हा मिळेल याची खात्री कुणीच देत नाही.

मराठवाड्यातल्या एका सद्गृहस्थांकडून मी एक गठ्ठा घेतला होता. माणूस अगदी सरळ. पार्सल टाकल्यावर आपणहून फोन केला. "काही काळजी करू नका साहेब, सुतळीचे आठ वेढे मारलेत. रेल्वेखाली गेलं तरी सुटायचं नाही." सुटलं नव्हतंच. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला गठ्ठा सुतळीनं असा आवळला होता की चारही कडांना मधोमध खाचा पडल्या होत्या, आणि त्या खाचा वरून पाचव्या-सहाव्या अंकापर्यंत उतरल्या होत्या. सगळ्यात वरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर जिथून सुतळी गेली, तिथला रंग तडकून पांढरी रेघ उमटली होती. कण्याशी वरच्या पिनेजवळ कागद फाटून पीन मोकळी झाली होती.

यात गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. पार्सल सुटू नये, एवढीच त्यांची काळजी होती. वह्या-पुस्तकांचं पार्सल असंच बांधायचं असतं, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. पण कॉमिक्स हे पुस्तक नाही. इंद्रजालचा आतला कागद वर्तमानपत्राच्या जातीचा आहे. असा कागद लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन न काढता बनवतात. हवा आणि उजेड लागून लिग्निनमुळे तो पिवळा पडतो आणि लगद्यातल्या आम्लानं ठिसूळ होत जातो. पुस्तकाला शिवण असते, जाड कव्हर असतं. इथे सगळा भार दोन पिनांवर आणि एका घडीवर. तेव्हा कॉमिक्सचं पार्सल आवळायचं नसतं, ते वाकणार नाही आणि आत हलणार नाही एवढंच पाहायचं असतं. पुढचं सगळं सांगणं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

पिशवी आणि चिकटपट्टी

प्रत्येक अंक आधी स्वतंत्र पारदर्शक पिशवीत घाला. नव्या शर्टावर येते तसली कडक, कुरकुरीत पिशवी चालते; ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. मऊ, लवचिक, नव्या रेक्झिनसारखा वास येणारी पिशवी नको. ती पीव्हीसीची असण्याची शक्यता जास्त. तिच्यातली द्रव्यं कालांतरानं झिरपतात आणि छपाईची शाई पिशवीला चिकटू लागते. अंकामागे त्याच मापाचा पांढरा, ताठ बोर्ड ठेवा. आम्लरहित बोर्ड मिळाला तर उत्तमच. साधा करडा पुठ्ठा चार दिवसांच्या प्रवासाला चालून जातो, पण अंक घरी आला की काढून टाकायचा.

आता चिकटपट्टी. एकदा मला एक अंक फार निगुतीनं पाठवलेला आला. पिशवी योग्य, बोर्ड योग्य, खोकं भक्कम. फक्त पिशवीचं तोंड सेलोटेपनं बंद केलं होतं आणि टेपचं टोक किंचित मोकळं राहिलं होतं. अंक पिशवीतून वर सरकताना ते टोक मुखपृष्ठाला लागलं. अंगठ्याएवढ्या रुंदीची पट्टी रंगासकट निघून आली. टेपवर वेताळाच्या मुखवट्याचा अर्धा भाग, आणि मुखपृष्ठावर त्या जागी कागदाची पांढरी लव. शेकडो किलोमीटर अंक सुखरूप आला आणि गेला तो शेवटच्या वीतभर अंतरात.

म्हणून पिशवीचं तोंड मागच्या बाजूला दुमडा आणि रंगारी वापरतात त्या मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा. त्याचं एक टोक आतल्या बाजूला दुमडून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला धरून ओढता येईल. गम लावलेल्या तयार पिशव्या घेताना गम कुठे आहे ते बघा. तो झाकणाच्या पट्टीवर असेल, तर अंक काढताना नेमका त्यालाच घासतो. गम पिशवीच्या अंगावर असलेली घ्या. नसेल मिळत तर गमची पट्टी सरळ कापून टाका.

दोन पुठ्ठे, आडवा आणि उभा

एकच अंक पाठवायचा असेल तर दोन नालीदार पुठ्ठे लागतात. किराणा दुकानातलं खोकं कापलं तरी चालतं, मात्र त्यावर तेलाचा डाग किंवा जुनी घडी नको. पुठ्ठे अंकापेक्षा चारही बाजूंनी किमान इंचभर मोठे हवेत. कोपरा दुमडतो तो बहुतेक वेळा पुठ्ठा अंकाच्याच मापाचा कापल्यामुळे. पार्सल कोपऱ्यावर पडलं की मार आधी पुठ्ठ्याच्या मोकळ्या इंचानं खायला हवा.

यातली खुबी नाल्यांच्या दिशेत आहे. छपरावरच्या सिमेंटच्या पत्र्यासारखा हा पुठ्ठा नाल्यांना धरून सहज वाकतो, आडवा वाकत नाही. म्हणून एका पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या ठेवा आणि दुसऱ्याच्या आडव्या. दोन्ही मिळून कुठल्याच बाजूला वाकत नाहीत. अंक पिशवीसकट एका पुठ्ठ्याच्या मधोमध ठेवा, पिशवीच्या चार कोपऱ्यांवर मास्किंग टेपचे तिरके तुकडे लावून तो जागच्या जागी बसवा आणि मग दुसरा पुठ्ठा वर ठेवून कडा टेपनं बंद करा. टेप पिशवीच्या प्लॅस्टिकला लागला तरी चालेल, अंकाला कुठेही लागता कामा नये. उभं धरून हलवून बघा. आत सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा करा.

बबल रॅप लावायचा तर पुठ्ठ्यांच्या बाहेरून. तो थेट अंकावर आवळला तर फुग्यांचे गोल वळ मुखपृष्ठावर उठतात.

गठ्ठा असेल तर

अनेक अंक एकावर एक रचताना कणे आलटूनपालटून ठेवा, एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे. पिनांमुळे आणि घडीमुळे कण्याची बाजू जाड असते. सगळे कणे एकीकडे आले की गठ्ठा तिरका होतो आणि खालचे अंक त्या तिरकेपणानं वळतात. आठ-दहा अंकांची थप्पी पुरे. तिच्या वर-खाली पुठ्ठा द्या आणि तिला रुंद कागदी पट्टा गुंडाळा. रबरबँड नको, सुतळी तर नकोच नको.

अशा थप्प्या आडव्याच एका खोक्यात बसवा आणि ते खोकं पाच-प्लायच्या थोड्या मोठ्या खोक्यात ठेवा. दोन्हींच्या मधली फट सगळ्या बाजूंनी गच्च भरा. वर्तमानपत्राचे बोळे इथे चालतात, कारण त्यांची शाई अंकापर्यंत पोचत नाही. पण बोळे प्रवासात दबतात, म्हणून हात दुखेपर्यंत ठासून भरा. बाहेरचं खोकं दाबल्यावर आत गेलं, तर अजून जागा शिल्लक आहे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर मी शक्यतो काही मागवत नाही. मागवावंच लागलं तर पाठवणाऱ्याला सांगतो, की पुठ्ठ्यांची जोडी प्लॅस्टिकमध्ये घाला, त्यावर खोकं, आणि खोक्यावर पुन्हा कुरिअरची जाड बॅग. मात्र अंक आधी कोरडा हवा. दमट माळ्यावरून काढून लगेच हवाबंद केला तर ती ओल त्याच्याबरोबरच प्रवास करते. पिना गंजतात आणि गंजाचा तपकिरी डाग मधल्या पानांवर उतरतो. दोन दिवस पंख्याखालच्या खोलीत, उन्हात नव्हे, पसरून ठेवा आणि मग पॅक करा. सिलिका जेलची पुडी टाकली तर ती पुठ्ठ्याच्या बाहेर. डांबरगोळी अजिबात नको.

पोस्टाची खिडकी

पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा 1 मे 2025 पासून सुरू झाली. 300 ग्रॅम ते 5 किलोपर्यंतची पुस्तकं तिच्यातून स्वस्तात जातात. पण नियतकालिकं तिच्यात चालत नाहीत, आणि इंद्रजाल तर नियतकालिकच. शिवाय ते टपाल जमिनीवरून जातं, म्हणजे गोण्यांत जास्त दिवस आणि हाताळणीही जास्त. मी स्पीड पोस्टच घ्यायला सांगतो. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालं आहे. नोंदणीची जादा सोय मागून घ्या, म्हणजे पार्सल शेजाऱ्याकडे किंवा वॉचमनकडे न जाता ज्याच्या नावाचं त्याच्याच हाती पडतं. वजनाचे टप्पे 50, 250, 500 ग्रॅम असे आहेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी वजन बघा, पण टप्पा वाचवायला पुठ्ठा पातळ करू नका.

पत्ता छापून किंवा बॉलपेननं लिहा आणि वर पारदर्शक टेप लावा. स्केचपेनची शाई पहिल्या थेंबाला पसरते. पत्त्याची आणि फोन नंबरची एक चिठ्ठी आतही टाका. "वाकवू नका" असं जरूर लिहा, पण रात्रीच्या पाळीत गोणी उतरवणारा माणूस ते वाचत बसेल या भरवशावर राहू नका. "दुर्मीळ", "मौल्यवान" असले शब्द तर बाहेर नकोच. पोस्टात विचारलं तर "जुनी कॉमिक्स" एवढंच खरं उत्तर पुरतं.

वेताळाचे चाहते ऑस्ट्रेलियात आणि स्वीडनमध्येही भरपूर आहेत. तिथले संग्राहक भारतीय अंक आवडीनं घेतात. परदेशी पाठवताना कस्टमच्या फॉर्मवर वस्तू आणि किंमत खरी लिहा. तपासणीसाठी पार्सल उघडलं जाऊ शकतं, हे धरूनच बांधा. उघडून पुन्हा बंद करणाऱ्याला तुमची रचना एका नजरेत कळली पाहिजे.

घेणाऱ्याचं काम

पाठवणाऱ्यानं मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि पिना दिसतील असं मधलं पान, यांचे फोटो काढून ठेवावेत. घेणाऱ्यानं पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढावा. विम्याचा दावा असो की आपसातला वाद, एवढा पुरावा जवळ असला की बोलणं लवकर संपतं. कटरचं पातं अर्धा सेंटिमीटरच बाहेर काढा आणि कडेनं चालवा, मधून कधीच नाही. पाठवणाऱ्यानं "इथून उघडा" असा बाण काढला असेल तर तो पाळा.

आणि शेवटचं म्हणजे पैसे. अंकाच्या किमतीवर घासाघीस करा, तो या छंदाचा हक्कच आहे; पॅकिंगच्या पैशांवर करू नका. पुठ्ठे, पिशव्या, टेप आणि समोरच्याचा तासभर वेळ यांचे पैसे सौदा ठरतानाच आपणहून पुढे करा, आणि कसं बांधायचं ते लिहून कळवा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. मी आता सौदा पक्का होण्याआधीच या सगळ्याचा मजकूर मोबाइलवर धाडतो. त्यावर "एवढं कशाला, नीट बांधतो ना!" असं उत्तर आलं, तर एसटीचं तिकीट काढतो आणि अंक स्वतः जाऊन घेऊन येतो.