हृदयविकार आणि व्यायाम : किती, कसा व केव्हा थांबावे

हृदयविकार झालेल्या माणसाने पडून राहावे, जिने चढू नयेत, असा आपल्याकडे घरोघरी समज आहे. उलट, व्यायाम करताना कोणी कोसळल्याची बातमी आली की धडधाकट माणसालाही व्यायामाचे भय वाटू लागते. गेल्या वर्षी माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि या दोन्ही समजुती आमच्या घरात मुक्कामाला आल्या. वडिलांचे वय ५४, बेगमबाजारात किराणा मालाचे दुकान. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी वॉर्डात चालविले; पण घरी येताच आईने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. बिदरचे मामा "सुम्मने कूत्कोळ्ळि", म्हणजे गप्प बसून राहा, असे बजावून गेले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तरीही डॉक्टरांना विचारून व वाचून जे समजले, ते येथे मांडीत आहे.

विश्रांतीचे तोटे

पूर्वी झटक्यानंतर रोग्याला कित्येक आठवडे अंथरुणात ठेवीत. १९५२ च्या सुमारास बोस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हाइन व डॉ. बर्नार्ड लाउन यांनी रोग्यांना लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा सतत जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला.

आपल्या वयाच्या वाचकांनी तर पुढील प्रयोग अवश्य ध्यानात ठेवावा. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची क्षमता जेवढी घटली होती, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांत घटली होती! निरोगी तरुणांची ही गत, तर रोग्याची काय होईल?

नियमित चालण्याने पायांचे स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगल्या रीतीने वापरू लागतात. मग तेच काम हृदय कमी ठोक्यांत भागविते.

मग धोका कोठे आहे?

कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांना २९ ऑक्टोबर २०२१ रोजी बंगलोर येथे व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागले आणि वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मराठी अभिनेते श्रेयस तळपदे यांना डिसेंबर २०२३ मध्ये चित्रीकरणानंतर झटका आला. वेळीच उपचार झाल्याने ते बचावले. अशा घटनांवरून व्यायाम घातक ठरत नाही. मात्र पिळदार शरीर पाहून आतील रक्तवाहिन्यांची स्थिती कळत नाही, हे ध्यानी येते. जोरदार श्रमाच्या वेळी धोका काही काळ वाढतो, आणि तो सवय नसलेल्याला सर्वांत अधिक असतो. म्हणून मोजूनमापून केलेला व्यायाम हाच सुरक्षित व्यायाम होय.

पाळावयाचे नियम

१) प्रथम तपासणी. ईसीजी, इको व गरजेप्रमाणे ट्रेडमिल चाचणी झाल्यावर डॉक्टर मर्यादा आखून देतात. बसल्याजागी छातीत दुखणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अतिशय अरुंद झालेली महाधमनीची झडप, हृदयस्नायूची सूज किंवा साधा ताप असला तरी व्यायाम थांबवावा.

२) थोड्यापासून आरंभ. पाच-दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे आणि हळूहळू वेळ वाढवावा. सुरुवातीची व शेवटची पाच मिनिटे सावकाश चालावे. एकदम थांबल्यास रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते.

३) बोलण्याची कसोटी. चालताना सोबत्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागला, तर वेग कमी करावा. २२० मधून वय वजा करून नाडीची मर्यादा काढण्याची रीत सर्वांना लागू नाही. बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्याची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही.

४) वजन उचलताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. बायपासनंतर छातीचे हाड सांधेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन महिने, जड वस्तू उचलू नये.

५) स्थळकाळ पाहावा. आपल्या हैदराबादेत बंजारा हिल्ससारखे चढ पुष्कळ. तेथे तोच वेग दुप्पट जड जातो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा पहाटेच चालावे. जेवणानंतर लगेच चालू नये.

६) छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, गार घाम, भोवळ, अनियमित धडधड यांपैकी काहीही जाणवले की तत्काळ थांबून बसावे. डॉक्टरांनी दिली असेल ती गोळी जिभेखाली ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी आपल्याच शहरातून सुरू झाली.

वडिलांचा अनुभव असा की, पहिल्या आठवड्यात ते गच्चीवर सात मिनिटे चालले. खरी अडचण पायांची नव्हती, भीतीची होती. प्रत्येक ठोका ते कान देऊन ऐकत. मी शेजारी चालत दुकानाचा हिशेब विचारीत असे. उत्तर सरळ आले तर वेग ठीक, असे आमचे माप होते. आज ते उस्मानिया विद्यापीठाच्या रस्त्यांवर आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे त्यांत भरतात, आणि खर्च फक्त बुटांच्या एका जोडाचा!

शेवटी एक सूचना. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहिल्यास रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा जीव वाचण्याची आशा राहते. हे काम शिकण्यास एक दुपार पुरे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने यंदा असे एक शिबिर अवश्य घ्यावे. पहिले नाव माझे लिहावे.