विमानाच्या इंजिनाला वारा कसा घालावा?

आकुर्डीच्या कारखान्यात तयार झालेली जुनी पेट्रोलवरची 'चेतक' स्कूटर पुण्यात अजूनही कोठे कोठे दिसते. एखाद्या गॅरेजमध्ये तिचे उजव्या बाजूचे टोपण काढून ठेवलेले असेल, तर क्षणभर थांबून आत पाहा. सिलिंडरभोवती एक घट्ट आवरण दिसेल आणि फ्लायव्हीलवर बसवलेला एक पंखा दिसेल. पंख्याचा वारा त्या आवरणातून थेट सिलिंडरवर जातो. त्याला इकडेतिकडे पळायला वाटच नसते. मोटरसायकलला असा पंखा लागत नाही. तिचे इंजिन उघडे असते आणि गाडी पळू लागली की समोरून वारा आपोआप मिळतो.

हलक्या विमानाचे इंजिन या दोहोंच्या मधले आहे. त्याला वारा मोटरसायकलसारखा फुकट मिळतो, पण ते स्कूटरच्या इंजिनासारखे झाकलेले असते. मग हा फुकटचा वारा झाकलेल्या इंजिनातून नेमका कसा न्यायचा? प्रश्न साधा वाटतो. पण स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्याची खरी परीक्षा येथेच होते.

झाकायचे तरी कशाला?

तुम्ही म्हणाल, इंजिन उघडेच ठेवले तर काय बिघडले? काही जुन्या विमानांची इंजिने तशी उघडी असतही. पण उघड्या सिलिंडरवर वारा आदळून भोवरे निर्माण होतात आणि ते विमानाला मागे ओढतात. १९२८ साली अमेरिकेतील 'नाका' या संशोधन संस्थेने एका विमानाच्या इंजिनावर नीट आकाराचे आवरण चढवून पाहिले. तेच विमान, तेच इंजिन. परंतु त्याचा कमाल वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरवरून २२० किलोमीटरवर गेला! या आवरणाला काउलिंग म्हणतात. तेव्हापासून इंजिन झाकणे आणि तरीही ते थंड ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच आवरणाला करावी लागतात.

उष्णता किती, हवा किती?

पेट्रोल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा साधारण चौथा ते तिसरा हिस्साच पंखा फिरवण्याच्या कामी येतो. बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून जाते. उरलेली सिलिंडरच्या धातूत आणि तेलात शिरते. ती वाऱ्याने वाहून नेली नाही, तर अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडर-हेडचे तापमान वाढत जाते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पण त्याच्या कितीतरी आधी, दोनशे अंशांच्या पुढे, त्याची ताकद कमी होऊ लागते. म्हणून अशा इंजिनांत हेडचे तापमान शक्यतो २०० अंशांच्या आसपास ठेवतात.

आता एक उदाहरण घेऊ. फ्लाइंग क्लबांसाठी हिंदुस्थान एअरक्राफ्टने 'पुष्पक' हे दोन आसनी विमान तयार केले. त्याचे पहिले उड्डाण १९५८ साली झाले. हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या महाराष्ट्रातले. 'पुष्पक'चे इंजिन ९० अश्वशक्तीचे, वाऱ्याने थंड होणारे. दोन सिलिंडर उजवीकडे आणि दोन डावीकडे आडवे.

९० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६७ किलोवॉट. वाऱ्याने काढून न्यायची उष्णता याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ३४ किलोवॉट आहे असे समजू. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे एक किलोज्यूल उष्णता लागते. आत आलेली हवा ५० अंशांनी तापून बाहेर पडते असे धरले, तर दर सेकंदाला लागणारी हवा

३४ ÷ ५० = ०.६८ किलोग्रॅम.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. एप्रिलच्या दुपारी तापमान ४० अंश असताना येथे एक घनमीटर हवेचे वस्तुमान जेमतेम १.०५ किलोग्रॅम भरते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६५० लिटर हवा हवी. दोनशे लिटरची तीन पिंपे भरून वर उरेल इतकी हवा, दर सेकंदाला, सिलिंडरच्या अंगाला घासून जायला हवी! समुद्रकाठी १५ अंश तापमानाच्या हवेत घनमीटरमागे १.२२५ किलोग्रॅम हवा असते. तिच्या तुलनेत पुण्याच्या उन्हाळ्यातली हवा सुमारे १४ टक्के विरळ. शिवाय ती मुळातच तापलेली.

अंगाला घासून म्हणजे काय?

सिलिंडरवर धातूच्या पातळ चकत्या एकाशेजारी एक असतात. मेकॅनिक त्यांना 'फिन' म्हणतात. १० सेंटिमीटर व्यासाच्या आणि १२ सेंटिमीटर लांबीच्या गुळगुळीत नळकांड्याचे बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ३७७ चौरस सेंटिमीटर होते. त्यावर अडीच सेंटिमीटर रुंदीच्या ३० फिन बसवल्या, तर केवळ फिनांचेच क्षेत्रफळ सुमारे ५,९०० चौरस सेंटिमीटर होते. तुम्हीच हिशेब करून पाहा. उष्णता सोडायला पंधरापट जागा मिळाली!

पण फिनांमधल्या फटी अरुंद असतात आणि हवा आळशी असते. पाण्याप्रमाणेच तीही सोपी वाट शोधते. सिलिंडरच्या समोरच्या अंगाला वारा लागतो, मग तो बाजूने सुटून निघून जातो आणि पाठीमागचे अंग तापलेलेच राहते. पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर कसा वागतो आणि केव्हा सुटतो, याचा सिद्धान्त जर्मनीतील लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली मांडला. डॉ. घाटगे गटिंगेनला याच प्रांटल यांच्या हाताखाली शिकले होते.

यावर उपाय म्हणजे पत्र्याचे आडोसे. त्यांना 'बॅफल' म्हणतात. काउलिंगच्या तोंडातून आलेली हवा आधी सिलिंडरच्या वरच्या बाजूला कोंडली जाते. तेथून खाली उतरायला फिनांच्या फटींखेरीज दुसरी वाट ठेवलेलीच नसते. सिलिंडरच्या खालच्या अंगालाही पत्रा अगदी लपेटून बसवतात, म्हणजे हवा शेवटपर्यंत धातूला चिकटून जाते आणि मग खालच्या मोकळ्या जागेतून मागे बाहेर पडते.

येथे एक छोटी फट किती घात करते पाहा. समजा, काउलिंगची दोन्ही तोंडे मिळून ३०० चौरस सेंटिमीटर आहेत. बॅफलच्या कडेला अर्धा सेंटिमीटर रुंदीची फट राहिली आणि तिची एकूण लांबी एक मीटर भरली, तर ती झाली ५० चौरस सेंटिमीटर. तोंडाचा सहावा हिस्सा! शिवाय या फटीत फिनांचा अडथळा नाही, त्यामुळे हवा तेथूनच जोरात पळणार. ही हवा तोंडातून आत आली, विमानाला मागे ओढून गेली, आणि थंड मात्र काहीच केले नाही. म्हणून बॅफल आणि काउलिंग यांच्यामध्ये मऊ रबरी पट्ट्या लावून प्रत्येक फट बुजवतात.

तोंड मोठे करावे का?

इंजिन तापले की नवशिक्याला पहिली कल्पना सुचते ती समोरचे भोक मोठे करण्याची. पण हवा आत ढकलली जाते ती दाबातील फरकामुळे. वरच्या कप्प्यात दाब जास्त आणि खालच्या कप्प्यात कमी, तरच ती फिनांमधून वाहील. बाहेर पडायची वाट अपुरी असेल, तर खालच्या कप्प्यातही दाब साठतो आणि प्रवाह मंदावतो. समोरचे भोक कितीही मोठे केले तरी मग उपयोग नाही. त्यातच तापलेली हवा फुगते. चार्ल्सच्या नियमाप्रमाणे ४० अंशांची हवा ९० अंशांची झाली की तिचे आकारमान सुमारे १६ टक्के वाढते. म्हणून बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा अधिक ऐसपैस ठेवावी लागते, आणि तीही जेथे दाब कमी असतो अशा जागी.

वाऱ्यापासून मिळणारा दाब किती असतो? हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे. ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाला पुण्याच्या उन्हाळ्यात हा दाब सुमारे १,३०० पास्कल होतो. पाण्याच्या सुमारे १३ सेंटिमीटर स्तंभाइतका. पण विमान उड्डाणानंतर चढत असताना त्याचा वेग ताशी १०८ किलोमीटर असेल, तर दाब ४७० पास्कलच भरतो. पाण्याचा स्तंभ पाच सेंटिमीटरपेक्षाही कमी. आणि नेमके याच वेळी इंजिन पूर्ण ताकदीने चालत असते! उष्णता सर्वांत जास्त, वारा सर्वांत कमी. वैमानिकाने नाक खाली करून वेग वाढवला तर इंजिन थंड होईल. पण समोर डोंगर असेल, खाली वस्ती असेल, तर चढणे थांबवता येत नाही. एकच इंजिन असलेल्या विमानात अर्ध्या सेंटिमीटरच्या फटीची किंमत तेव्हा कळते.

बांधणाऱ्याची जबाबदारी

आपल्याकडे विमान स्वतः बांधण्याचे धाडस झालेले आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ साली मुंबईतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ साली त्याची रीतसर नोंदणीही झाली. अशा बांधणाऱ्याला इंजिन कारखान्यातून तयार आणता येते. परंतु त्याभोवतीचे काउलिंग आणि बॅफल त्या विमानाच्या नाकाप्रमाणे बसवावे लागतात. कारखान्यात तपासलेले इंजिन असले, तरी त्या विशिष्ट आवरणात ते कसे तापेल हे कोणीच तपासलेले नसते.

म्हणून तो प्रत्येक सिलिंडरवर तापमान मोजणारी तार बसवतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यांत नळ्या सोडून त्या पाणी भरलेल्या यू-नळीला जोडतो आणि दाबातील फरक सेंटिमीटरमध्ये वाचतो. होय, तुमच्या प्रयोगशाळेतलीच यू-नळी! एकच सिलिंडर जास्त तापत असेल, तर दोष त्याच्याजवळच्या बॅफलमध्ये शोधतात. चारही तापत असतील, तर आधी बाहेरची वाट तपासतात.

करून पाहा

बुटांच्या खोक्याच्या एका टोकाला हाताच्या पंजाएवढे भोक पाडा आणि त्यासमोर टेबलफॅन मंद चालवा. शिक्षकांना सोबत घेऊन, पेटलेली उदबत्ती पुठ्ठ्याला लागू न देता भोकासमोर धरा. खोक्याचे मागचे टोक बंद असताना धूर भोकापाशी येऊन बाजूला वळेल. मग मागच्या टोकाला थोडे मोठे भोक पाडा. धूर सरळ आत शिरेल. आता खोक्यात मधोमध एक डबा ठेवा आणि वरून काचेचा तुकडा झाकून धूर कोठून जातो ते पाहा. डब्याच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे बॅफल लावून डब्यालगत फक्त बोटभर वाट ठेवली, तर धुराच्या मार्गात काय फरक पडतो याची नोंद करा.

आणि एक गणित: तेच विमान ताशी १४४ किलोमीटर वेगाने चढू शकले, तर वाऱ्याचा दाब किती पास्कल होईल? ताशी १०८ किलोमीटर वेगाच्या तुलनेत तो किती पट झाला? वेग फक्त एक तृतीयांशाने वाढला आहे, हे उत्तर काढताना विसरू नका.