जुन्या जावाला कॅरिअर लावताना

प्रश्न : वडिलांची १९६९ ची जावा मी पुन्हा चालती केली आहे. दिवाळीनंतर आम्हा दोघांना अकोट-परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जायचं आहे. बायको म्हणते, "मांगं टेकाले काई असन, तरच येतो." फॅब्रिकेशनवाला म्हणतो, फ्रेमला दोन पट्ट्या वेल्ड करून कॅरिअर आणि बॅकरेस्ट एकत्रच बसवून देतो. करून घेऊ का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : कॅरिअर लावा, बॅकरेस्टही लावा, पण फ्रेमला वेल्डिंग करू देऊ नका. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून निघालेल्या तुमच्या गाडीने पन्नासहून जास्त पावसाळे पाहिले आहेत. तिच्या फ्रेमचा पाइप आतून किती गंजला आहे, हे बाहेरून कळत नाही. अशा पाइपवर वेल्डिंग केलं की थरथरीने पुढे तडा जातो, तो बहुधा वेल्डच्या काठालाच. कॅरिअर मोडलं तर नवीन करता येतं, तशी फ्रेम मिळत नाही.

मडगार्डवरही भार टाकू नका. तो पत्रा चिखल अडवायला केलेला आहे, बॅग तोलायला नाही. कॅरिअरचे पाय शॉकअपच्या वरच्या बोल्टवर आणि सीटखालच्या फ्रेमच्या बोल्टवर घ्या. बोल्टची जागा नसेल तिथे रबर घालून यू क्लॅम्प लावा. मागे तरंगणाऱ्या टोकाला खालून तिरपा टेका हवाच. कॅरिअरच्या पट्टीच्या जाडीमुळे मूळ बोल्ट आखूड पडेल. तेव्हा लांब बोल्ट घ्या, पण डोक्यावर ८.८ कोरलेला, आणि त्याला नायलॉक नट लावा. कॅरिअरसाठी १६ गेजचा साधा लोखंडी पाइप पुरे. चमकतो म्हणून स्टेनलेसच्या मागे लागू नका. लोखंडी पाइप वाटेत तुटला तर कुठलाही वेल्डिंगवाला जोडून देतो.

आता वजनाचा हिशेब. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १३०० मिलिमीटर धरू. मागच्या आसापासून ३०० मिलिमीटर मागे १३ किलोची बॅग ठेवली, तर पुढच्या चाकावरचा भार ३ किलोने कमी होतो आणि मागच्या चाकावर १३ नव्हे, १६ किलो वाढतात. तीन किलो म्हणजे फार नाही, असं सपाट हायवेवर वाटेल. पण परतवाड्याच्या पुढे घाट लागला की चढावर भार आणखी मागे सरकतो, सीटवर दोघं असतात, आणि वळणावर हँडल हलकं लागतं. म्हणून कॅरिअरवर पाच-सात किलोंपेक्षा जास्त नको. जड सामान दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत सारखं वाटा. मात्र जावाला दोन्ही अंगांना सायलेन्सर आहेत. पिशव्या त्यांच्यापासून निदान चार बोटं दूर राहतील अशी पट्टी बाजूला द्या, नाहीतर चिखलदऱ्याला पोहोचेपर्यंत स्वेटरला भोक पडेल.

हे तंत्र आपल्याकडच्या दूधवाल्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून एस्कॉर्ट्सने १९६२ पासून बनवलेली राजदूत त्यांची लाडकी. कॅन सीटच्या मागे उंच न रचता ते दोन्ही बाजूंना, चाकाच्या आसाजवळ आणि होईल तितके खाली टांगत. भार आसाजवळ असला की पुढचं चाक हलकं होत नाही आणि खाली असला की गाडी झुकवताना हिसका देत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या बुलेटचा बॅकरेस्ट कितीही आवळला तरी महिन्याभरात डुगडुगतो. बोल्ट हलका आहे का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : दोष बहुधा बोल्टचा नाही, पायाचा आहे. मागे बसलेल्याची पाठ ३०० मिलिमीटर उंचीवर २० किलोच्या जोराने रेटली आणि खालचे दोन बोल्ट एकमेकांपासून फक्त १०० मिलिमीटरवर असले, तर बोल्टवर ६० किलोची ओढ येते. तेच अंतर २०० मिलिमीटर केलं की ओढ निम्मी होते. म्हणून पाया लांब करा आणि गादी कमरेच्या उंचीवरच ठेवा.

दुसरं, बोल्टच्या आट्या जुळतात का ते पाहा. जावा-राजदूतच्या आट्या मेट्रिक आहेत, जुन्या बुलेटच्या ब्रिटिश मापाच्या. हार्डवेअरच्या दुकानातला 'जवळपास बसणारा' बोल्ट पान्याने रेटून घुसवला की आट्या मरतात आणि मग तो कधीच घट्ट बसत नाही. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर सगळे नट पुन्हा एकदा आवळा.

साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईला बॅकरेस्टचा फारसा उपयोग नाही. तो तिच्या पाठीला लागतच नाही, डाव्या कुशीला लागतो. तिला धरायला दांडी, पाय ठेवायला रुंद पायदान आणि चाकावर साडी गार्ड हवा. मोटार वाहन नियम १२३ सुद्धा हेच तीन मागतो.

प्रश्न : हे सगळं आरटीओला चालतं का?
— दोघांचाही

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. म्हणून फ्रेम कापणं, लांबवणं टाळा. नंबरप्लेट आणि टेललाइट झाकू नका. पेटी लावणार असाल तर ती ५५० मिलिमीटर लांब, ५१० रुंद आणि ५०० उंच यापेक्षा मोठी नको. ती मागच्या माणसाच्या जागेवर बसवली तर गाडीवर चालवणारा एकटाच बसू शकतो. त्या जागेच्या मागे बसवली तर दोघं चालतात.

अकोल्याच्या वाचकांसाठी आणखी एक. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे. तिचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. चिखलदऱ्याची सहल करायची असेल, तर सध्या नेहमीच्याच नोंदणीचं नूतनीकरण करून ठेवा. पुढे कधी व्हिंटेज नोंदणीचा विचार केलात, तर बोल्टवरचं कॅरिअर अर्ध्या तासात उतरवता येईल. वेल्ड केलेली पट्टी ग्राइंडरने उडवली तरी फ्रेमवरची खूण मात्र तपासणाऱ्याला दिसेलच.