भाकरी सुरू केली, तरी वजन का हलेना?

प्रश्न : सेलूला माझं कापडाचं दुकान आहे. वय ४६. साखर काठावर आहे, वजन कमी करा, असं डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं. तेव्हापासून पोळी बंद करून दोन्ही वेळा ज्वारीची भाकरीच खातो. आमचे आजोबा जन्मभर भाकरीवर राहिले, त्यांना कधी शुगर झाली नाही. मग माझं वजन किलोभरही का उतरत नाही? आताची ज्वारीच बदलली आहे का?

उत्तर : तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. ज्वारी बदलली का, ज्वारीनं वजन उतरतं का, आणि आजोबांना मानवली ती भाकरी तुम्हाला का मानवत नाही. पहिला सोपा आहे, तो आधी उरकू.

‘हायब्रीड आलं आणि धान्यातला जीव गेला’ असं आपल्याकडे पारावर नेहमी बोललं जातं. चवीबद्दल कुणी तसं म्हणत असेल तर वाद नाही, मालदांडीची भाकरी गोड लागतेच. पण मालदांडी घ्या की परभणी मोती, किलोभर पिठातून मिळणारी ऊर्जा जवळपास तेवढीच असते. उलट एका बाबतीत नवा दाणा सरस आहे. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं ‘परभणी शक्ती’ हे वाण काढलं. ते २०१८ मध्ये प्रसारित झालं. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं, या वाणात लोह सुमारे ४५ आणि जस्त ३२ मिलिग्रॅम आहे. तेव्हा तुमच्या वजनाचा दोष ज्वारीच्या वाणावर टाकता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. ज्वारी ‘हलकी’ म्हणजे तिच्यात कॅलरी कमी, असा समज घरोघरी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये काढलेले अन्नघटकांचे तक्ते पाहिले तर १०० ग्रॅम ज्वारीत ३३४ कॅलरी आहेत आणि १०० ग्रॅम गव्हाच्या कणकेत ३२०. चोथाही दोन्हींत दहा-अकरा ग्रॅम. म्हणजे चक्कीवरून दळून आणलेली, न चाळलेली कणीक सोडून ज्वारी धरली, तर वजनाच्या हिशेबात तुम्ही फारसं काही बदललंच नाही. फरक दिसला असता तो मैदा किंवा पांढरा भात सोडला असता तर. पांढऱ्या तांदळात चोथा जेमतेम तीन ग्रॅम असतो.

मग डॉक्टर भाकरी खा म्हणतात ते उगाच का? उगाच नाही. ज्वारीतल्या पिठूळ भागाभोवती तिच्याच प्रथिनांचं आवरण असतं, त्यामुळे ती सावकाश पचते आणि रक्तातली साखर एकदम उसळी मारत नाही. पोटही बराच वेळ भरलेलं राहतं. हा फायदा खरा आहे, पण तो माप आवरतं ठेवलं तरच मिळतो.

आणि भाकरीचं माप डोळ्यांना फसवतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून परातीतल्या पिठात आळं करून उकळतं पाणी ओततात आणि तळहातानं रगडून रगडून पीठ मळतात. पीठ जुनं असलं, त्याची विरी गेली असली, की कडा चिरतात आणि भाकरी जाड थापावी लागते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि जाळावर धरली की पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. फुगली की हलकी वाटते, पण आत वाफ आहे, पीठ तेवढंच आहे. आपल्याकडच्या बेताच्या भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे साधारण २३४ कॅलरी. तुम्ही किती खाता ते लिहिलं नाही. जेवणाला तीन धरल्या तर दिवसाच्या सहा, म्हणजे १४०० कॅलरी नुसत्या भाकरीच्या. एकदा घरी भाकरीसाठी पीठ घेतलं जाताना दुकानातल्या काट्यावर तोलून पाहा. बहुतेकांना पहिला आकडा खरा वाटत नाही.

आता आजोबा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार, ६५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० कॅलरी पुरतात. तेवढ्याच वजनाचा माणूस दिवसभर कष्टाचं काम करत असेल तर त्याला ३४७० लागतात. फरक १३६० चा. म्हणजे तुमच्या सहा भाकऱ्या जवळजवळ! औत हाकणं, मोट धरणं, बाजाराला पायी जाणं यात आजोबांच्या सहाही भाकऱ्या खर्ची पडत. तुमचं दुकान, गल्ला आणि घरापर्यंतची मोटारसायकल यांत एकही पुरती खर्ची पडत नाही. ज्वारी तीच आहे, दिवस बदलला आहे.

दुसरीही एक गोष्ट मनात ठेवा. ‘आजोबांना शुगर नव्हती’ याचा अर्थ बहुतेक घरांत ‘कुणी तपासली नाही’ एवढाच असतो. शिवाय आपल्या आठवणीत राहतात ते जगले-वाचलेले म्हातारे. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान पस्तिशीच्या आत होतं, मुख्यतः लहान मुलं दगावत म्हणून. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून गावोगाव आहेत. ते दिवस कसे होते, हे त्यांना विचारा.

नुसती भाकरी पुरत नाही याचा दाखला तर याच दख्खनच्या पठारावर मिळाला. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास पाहिलं, की जवळजवळ ज्वारीवरच पोट भरणाऱ्या गरीब मजुरांना पेलाग्रा होत होता. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून भेगाळायची, हगवण लागायची. कारणांबद्दल पुढे बरीच चर्चा झाली, पण निरीक्षण पक्कं होतं. म्हणून भाकरीबरोबरचं कोरड्यास फार महत्त्वाचं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. पिठलं-भाकरी आणि वरण-भाकरी ही जोडी म्हणूनच पक्की. ज्वारीतलं लोह अंगी लागायला आंबट मदत करतं, तेव्हा वरणावर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो हेच लोह अडवतो.

चहावरून आठवलं. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक बसलं की चहा येतो आणि मालकालाही घ्यावा लागतो. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरा. सहा कप झाले की ६० ग्रॅम, म्हणजे २४० कॅलरी, एका भाकरीएवढ्या. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं वरून घातलेली साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. माझ्या मते तुम्ही सुरुवात इथूनच करावी, भाकरीला हात लावायच्या आधी.

नंतर तीनाच्या दोन भाकऱ्या करा. रिकामी झालेली जागा रिकामी ठेवू नका, नाहीतर चार दिवसांत तिसरी परत येईल. तिथे वाटीभर पालेभाजी घ्या. अंबाडी, मेथी, थंडीत करडईची कोवळी भाजी, जे बाजारात येईल ते. वरण पातळ पाण्यासारखं नको, दाट हवं. काकडी, कांदा, ताक आहेच. पोषण संस्थेची तीच मार्गदर्शक तत्त्वं २००० कॅलरीच्या दिवसासाठी सगळं धान्य मिळून २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम सांगतात. आपल्या ताटात नेमकं याच्या उलट असतं. मात्र साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर जेवण एकदम कमी करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

चालण्याबद्दल थोडक्यात. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं हे जगभर मान्य झालेलं किमान माप आहे. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा. सलग वेळ मिळत नसेल तर दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतरची साखर चालत्या पायांचे स्नायू ओढून घेतात, म्हणून काठावरच्या माणसाला हे विशेष लागू पडतं. आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा जोर काढा. परभणीचा उन्हाळा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा मे महिन्यात सकाळी सातच्या आत घरी परता आणि रात्रीची शतपावली मोठी करा.

प्रश्न : करडईचं तेल हृदयाला चांगलं म्हणतात. मग ते कितीही चालेल का? (गंगाखेड)

उत्तर : नाही. तेल कोणतंही असो, एका ग्रॅमला नऊ कॅलरी ठरलेल्या. करडईच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं, ते चांगलंच. पण ते जास्त ओतल्यानं जास्त चांगलं होत नाही. दिवसाला माणशी २७ ग्रॅम हे माप धरलं तर महिन्याला लिटरपेक्षा थोडं कमी भरतं. चौघांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटरच्या वर तेल लागत असेल, तर भज्यांचे आणि पुऱ्यांचे वार मोजा. करडईत न मिळणारं ओमेगा-३ जवसात असतं. ताटात चमचाभर जवसाची चटणी असू द्या, फक्त मीठ बेतानं घाला आणि वरून तेलाची धार सोडू नका.