साखरपुड्याची अंगठी आणि फॅरडेचा नियम

इलेक्ट्रोप्लेटिंग आपण सगळेच फर्स्ट इयरला शिकलो आणि पेपर झाल्यावर विसरलोही. मला ते पुस्तक पुन्हा उघडावं लागलं ते ताईच्या साखरपुड्याच्या अंगठीमुळे. अंगठी १८ कॅरेटची, अर्धी पिवळ्या आणि अर्धी पांढऱ्या सोन्याची. दीड वर्षात पांढरा भाग पिवळट दिसू लागला आणि घरात कुजबुज सुरू झाली, "तिकडच्यांनी खोटं सोनं तर नाही ना घातलं?" प्रश्न नात्याचा होता, उत्तर मात्र केमिस्ट्रीत होतं.

१८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं. उरलेल्या २५ टक्क्यांत निकेल किंवा पॅलेडियमसारखे धातू मिसळून पिवळेपणा कमी करतात. तरी थोडी झाक उरतेच, म्हणून वरून ऱ्होडियमचा मुलामा देतात. तो झिजला की खालचं सोनं दिसतं, एवढंच! शुद्धतेची शंका असेल तर रंग नव्हे, हॉलमार्क पाहावा. ताईच्या अंगठीत आतल्या बाजूला भिंगाखाली ७५० स्पष्ट दिसलं आणि कुजबुज थांबली.

आता पुन्हा मुलामा कसा देतात? कारागीर आधी अंगठी पॉलिश करतो, मग तिच्यावरचा मळ आणि तेलकटपणा पूर्ण काढतो. पिवळ्या भागावर लॅकर लावून तो झाकतो. अंगठी कॅथोडला जोडून ऱ्होडियम सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणात बुडवतात. दोन-तीन व्होल्ट दिले की थोड्याच वेळात काम होतं.

गणित करून बघा. ४ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, ०.५ मायक्रॉन जाडी, घनता १२.४. ऱ्होडियम लागतं जेमतेम २.५ मिलिग्रॅम! अणुभार १०३ आणि संयुजा ३ धरली तर फॅरडेच्या नियमाने विद्युतभार येतो सुमारे ७ कूलोंब. प्रत्यक्षात थोडा जास्त लागतो, कारण काही करंट हायड्रोजन तयार करण्यात जातो.

खरी मेख पुढे आहे. मुलामा पुन्हा चढतो, पण त्याआधीच्या पॉलिशमध्ये दर वेळी थोडं सोनं जातं, ते परत येत नाही. म्हणून उठसूट प्लेटिंग करू नये, आहे तो मुलामा टिकवावा. भांडी घासताना, व्यायाम करताना अंगठी काढून ठेवावी. ब्लीच आणि पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन तर टाळावंच. निकेलच्या पांढऱ्या सोन्याला त्याने तडे जातात आणि खडा धरणारे बारीक दाते तुटू शकतात. साफ करायला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. टूथपेस्ट नको, ती मुलामा घासते. अंगठीखाली खाज सुटली तर निकेलची शंका घ्यावी आणि मग मात्र प्लेटिंग लांबवू नये. मोती किंवा पाचू असेल तर कारागिराला आधीच सांगावं, त्यांना अल्ट्रासॉनिक सफाई सोसत नाही.

आणि हो, हा प्रयोग होस्टेलच्या रूमवर नको. द्रावण आम्लाचं आहे, आणि रेक्टरसरांना फॅरडेचा नियम सांगून सुटका होत नाही!