समिती पाटीवर नको, वर्गात हवी

जानेफळ आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

शंका : आमच्या महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती आहे, दर्शनी भागात फलक आहे, ८ मार्चला महिला पोलीस अधिकाऱ्यांचे व्याख्यान होते. पाच वर्षांत एकही तक्रार नाही. मग वर्षभर प्रबोधन कशाला? – एक प्राध्यापक, मेहकर तालुका

समाधान : सर, 'एकही तक्रार नाही' हे वाचून मला दिलासा वाटला नाही. खेड्यापाड्यांतून शेकडो मुली जिथे येतात, तिथे पाच वर्षांत कुणाला काहीच सोसावे लागले नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्या सांगत नाहीत, एवढेच यातून कळते. फलकावरची नावे वाचून कुणी मुलगी आपली गोष्ट उघड करत नाही. ती ज्या बाईंना ओळखते, ज्यांच्या तोंडून 'तू सांगितलेस तर मी तुझ्यावर विश्वास ठेवीन' हे तिने आधी ऐकलेले असते, त्यांच्याकडेच ती जाते. ही ओळख ८ मार्चच्या एका तासात होत नाही.

लैंगिक छळ रोखण्यासाठीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम २ मे २०१६ रोजी राजपत्रात आले. ज्येष्ठ महिला प्राध्यापक अध्यक्ष, दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरची एक सदस्य आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी, अशी समिती त्यात सांगितली आहे. निदान निम्म्या सदस्य महिला हव्यात. विभागप्रमुखांसारख्या वरिष्ठ प्रशासकीय पदावरील व्यक्तींना समितीत बसता येत नाही. समिती नेमून संस्थेची जबाबदारी संपत नाही. प्रशिक्षण आणि जाणीवजागृती नियमितपणे करत राहणे हेही त्याच विनियमांतले काम आहे. मी वकील आहे आणि बाहेरची सदस्य म्हणून अनेक समित्यांवर बसते. नॅकची मूल्यांकन भेट जवळ आली की इतिवृत्ताची वही भरली जाते, हे चित्र मला नवे नाही आणि ते मला मनापासून खटकते.

तुमच्याच वेळापत्रकात जागा शोधा. प्रवेश झाले की पहिल्या पंधरवड्यात समितीच्या सदस्यांनी प्रत्येक वर्गात जाऊन तोंडओळख करून द्यावी. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर, सहल, क्रीडास्पर्धा यांच्या आधी स्वतंत्र बैठक घ्यावी, कारण ही ठिकाणेही विनियमांच्या 'परिसर' या व्याख्येत येतात. गॅदरिंगच्या तालमी उशिरापर्यंत चालतात, त्याआधी एकदा. प्रात्यक्षिकांच्या आणि अंतर्गत गुणांच्या दिवसांत तर नक्कीच, कारण गुण ज्याच्या हातात असतात त्याच्याविरुद्ध तोंड उघडणे सर्वांत अवघड. शिपाई, लिपिक, ग्रंथालय सहायक यांचेही प्रशिक्षण हवे. मुलगी रडत बाहेर पडते तेव्हा बहुधा तेच समोर असतात.

एका तासाने भागत नाही, याला पुरावा आहे. कॅनडात संशोधक शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींचे दोन गट केले. एका गटाला माहितीपत्रके दिली. दुसऱ्याला तीन-तीन तासांची चार सत्रे : धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाला नकार देताना मनात येणारा संकोच, प्रतिकार, आणि स्वतःच्या इच्छेविषयी बोलणे. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के, तर सत्रांच्या गटात ५.२ टक्के होते.

तरीही सगळा भार मुलींवर टाकू नका. मुंबईत १९९३ मध्ये हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मावा' ही संघटना उभी केली, पुरुषांनीच पुरुषांशी हिंसेबद्दल बोलावे म्हणून. २००६ पासून 'युवा मैत्री' उपक्रमातून त्यांनी महाविद्यालयांतल्या मुलांचे गट बांधले. हे गट पुन्हा पुन्हा भेटत, शंका विचारत, भांडत, आणि पुढे इतर मुलांशी बोलत. तुमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांतून असा गट याच वर्षी उभा राहू शकतो.

शंका : मी अकरावीत आहे. रोज एसटीने जाते. मोठ्या वर्गातला एक मुलगा स्टँडपासून मागे येतो, वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करतो. घरी सांगितले तर कॉलेज बंद होईल. – एक विद्यार्थिनी

समाधान : बाळा, यात तुझा काहीच दोष नाही. तुझे वय १८ पेक्षा कमी आहे, म्हणून तुझ्यासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. लैंगिक हेतूने मुलीचा वारंवार पाठलाग करणे किंवा तिच्याशी संपर्क साधत राहणे हा त्यात गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणेही पाठलाग हा गुन्हा आहे. नंबर आणि मेसेज पुसू नकोस, तारीख-वेळ लिहून ठेव. शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात 'सखी सावित्री' समिती असावी, असा शासनाचा २०२२ चा निर्णय आहे. ज्या बाईंशी तू मोकळेपणाने बोलतेस त्यांना आजच सांग. एक गोष्ट तुला आधी माहीत असायला हवी : पोक्सोतील गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणे बाईंना बंधनकारक आहे. म्हणून घरी कसे सांगायचे, हे त्यांच्यासोबत ठरव. आईशी बोलताना त्यांना शेजारी बसव. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांकही तुझ्यासाठीच आहे.

शंका : ताई, रोज पेपरात काहीतरी येते. पोरीला बारावीनंतर घरीच ठेवावे म्हणतो. चूक आहे का? – एक शेतकरी, जानेफळ

समाधान : दादा, तुमची काळजी खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षे तेच सांगतात : बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचे वचन देणारा. दार लावून घेतल्याने तो बाहेर राहतोच असे नाही. उलट घरात अडकलेल्या मुलीला सांगायला मैत्रीण, बाई, समिती यांपैकी कुणीच उरत नाही.

आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. सुरतेतील एका तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, आणि तिला त्या अवस्थेत ढकलणाऱ्या पुरुषाला कुणी काही विचारले नाही, याचा संताप त्या पुस्तकामागे होता. दोष एकाचा आणि कोंडणे दुसरीला, हे बुलढाण्यातल्या एका बाईने तेव्हाच नाकारले होते. मुलीला पाठवा. प्रवेश घेताना महाविद्यालयाला विचारा : समितीच्या अध्यक्ष कोण, त्यांना भेटता येईल का? आणि घरी तिला एकदा स्पष्ट सांगा की काहीही झाले तरी शिक्षण बंद होणार नाही. या एका वाक्याअभावी किती मुली गप्प राहिल्या, हे मी समितीत बसून पाहिले आहे.

शंका : अशा कार्यक्रमांत आम्हा मुलांकडे गुन्हेगार म्हणूनच पाहतात. उद्या कुणी खोटी तक्रार केली तर? आणि ती गप्प राहिली, विरोध केला नाही, तर होकारच ना? – एक विद्यार्थी, बी.ए. द्वितीय वर्ष

समाधान : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो जास्त धोक्याचा आहे. नाही. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, असा तर्क होता. त्याविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने हतबल होणे आणि संमती देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच लिहिली : ती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेली हवी, शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. भारतीय न्याय संहितेतही तेच आहे. १८ वर्षांखालील मुलीची संमती कायदा मानत नाही. समोरची व्यक्ती घाबरली आहे का, नशेत आहे का, टाळते आहे का, हे पाहणे आणि विचारणे ही तुझी जबाबदारी आहे.

आता खोट्या तक्रारीबद्दल. समितीला तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला द्यावी लागते, उत्तराला दहा दिवस मिळतात, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. दोघांचेही म्हणणे ऐकले जाते. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचे सिद्ध झाले तर कारवाईची तरतूद आहे. मात्र तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी, असा अर्थ होत नाही.

गुन्हेगार म्हणून पाहिल्याचे दुःख मी समजू शकते. म्हणूनच तुझ्यासारख्यांनी समितीच्या विद्यार्थी प्रतिनिधीपदासाठी उभे राहावे असे मला वाटते. मित्रांच्या ग्रुपवर कुणा मुलीचा फोटो फिरला की 'डिलीट कर' असे पहिल्यांदा लिहिणारा मुलगा जे थांबवू शकतो, ते आम्ही वकील नंतर कोर्टात थांबवू शकत नाही.

शंका : घडलेच, तर पहिल्या दिवशी काय करायचे? – एक आई, जानेफळ

समाधान : ताई, आधी दवाखाना. सरकारी असो की खासगी, उपचार मोफत करणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी आधी एफआयआर लागत नाही. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधे जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत तरी मिळायला हवीत. शक्य असेल तर तपासणीपूर्वी अंघोळ नको. कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. पण अंघोळ झाली असेल तरी जाच. तपासणी मुलीच्या संमतीनेच होते, आणि 'टू फिंगर टेस्ट' करायला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सक्त मनाई केली आहे. जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. हद्द आमची नाही, असे कुणी म्हणाले तर 'झिरो एफआयआर' घ्या म्हणावे. ११२ वर पोलीस, १८१ वर महिला मदत, १५१०० वर मोफत विधी सहाय्य मिळते. राज्याच्या 'मनोधैर्य' योजनेतील अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, बुलढाण्याला जावे. महाविद्यालयाच्या समितीकडे लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करता येते, कारण सबळ असेल तर आणखी तीन महिने मिळतात. मुलीला लिहिणे जमत नसेल तर समितीने तिला लिहायला मदत करायची असते.