आकडा १६ की २६?

गेल्या वैशाखातली गोष्ट. पत्र्याचे घर दुपारी भट्टीसारखे तापे. आमचे दादा ऐंशीच्या घरातले. त्यांचा जीव घाबरा होई. म्हणून आम्ही त्यांच्या खोलीत एसी बसवला.

नातवाने रिमोट घेतला आणि आकडा १६ वर नेला. म्हणाला, "आजोबा, आता खोली झटपट गार होईल बघा." आम्हालाही ते पटले. रात्री दादा गोधडी पांघरून कुडकुडत झोपले. महिन्याने विजेचे बिल आले. ते पाहून आमचे डोळे पांढरे झाले. रागाने आम्ही एसी बंदच केला. दुसऱ्याच दुपारी दादांना चक्कर आली.

चूक यंत्राची नव्हती, आमच्या अज्ञानाची होती.

एसीत थर्मोस्टॅट नावाचा भाग असतो. तो खोलीतील हवेची ऊब मोजतो. आपण दिलेल्या आकड्याइतकी हवा गार झाली, की यंत्र थांबते किंवा मंद चालते. तेव्हा वीज वाचते. हौद भरला की आपण पंप बंद करतो ना? तसेच हे. पण हौद कधी भरणारच नाही एवढा मोठा बांधला, तर पंप रात्रभर चालणार! बाहेर आग ओकणारे ऊन असता १६ चा हुकूम दिला, तर यंत्राला विसावा कुठला?

एक अंश वर ठेवला, की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत, असा सरकारी नियम आहे. पुढे आकडा बदलणे आपल्या हाती आहे.

आता आम्ही काय करतो ते ऐका. आकडा २६ ठेवतो. जोडीला छताचा पंखा हळू लावतो. उन्हाच्या बाजूची खिडकी पडद्याने झाकतो. दार लावून घेतो. जाळी वरचेवर धुतो. पहाटे एसी आपोआप बंद व्हावा, अशी वेळ लावून ठेवतो. काही नवे एसी तर मोबाइलवरूनही चालतात. घरी बंद करायचा राहिला, तर मळ्यातून बंद करता येतो.

दादा आता शांत झोपतात. बिलही झेपते. काटकसर करावी, पण म्हाताऱ्या माणसाला उन्हाळ्यात तळमळत ठेवून करू नये.

हिशेब करा : १००० वॅटचे यंत्र एक तास चालले, की १ युनिट वीज लागते. १५०० वॅटचा एसी न थांबता ४ तास चालला. किती युनिट झाले? ७५ वॅटचा पंखा तेवढाच वेळ चालला, तर किती?

(उत्तर : एसी ६ युनिट. पंखा पाव युनिटाहून थोडी जास्त.)